उबदार कोटाची पारख

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात, उल्हास नदीच्या काठी, भरतीचे पाणी जेथवर चढून येते त्या सखल आणि दमट मुलुखात मौजे अंजूर वसले आहे. येथे पौषाच्या पहाटेही पारा पंधरा अंशांच्या खाली क्वचितच उतरतो, दुपार होईतो तो पुन्हा तिशीच्या आसपास येतो, आणि थंडीच्या बंदोबस्तासाठी एखादी कानटोपी, एक जुने स्वेटर व वडीलधाऱ्यांसाठी शाल यांहून अधिक सरंजाम सहसा कोणत्याही घरात आढळत नाही. अशा गावाचे नाव घेऊन गरम कोटाच्या निवडीचा विषय आरंभणे विचित्र वाटेल. परंतु थंड प्रदेशात जन्मलेल्या माणसाला कोट कसा असावा हे त्याच्या आईने लहानपणी बटणे लावून देतानाच शिकविलेले असते, आणि थंडी कधी पाहिलीच नाही अशा माणसाला मात्र हे ज्ञान परक्या देशात, दुकानातल्या आरशासमोर, मुक्कामाला पोहोचल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घाईघाईने मिळवावे लागते. ज्यांची मुले-मुली आज टोरांटो, म्युनिक किंवा शिकागो येथे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जात आहेत, अशा कोकणपट्टीतील वाचकांसाठी हे प्रकरण मुख्यत्वे लिहिले आहे.

वस्तुत: या परिसराचा गरम कपड्याशी संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. माणकोली, वळ, पूर्णा, दापोडे, राहनाळ आणि अंजूर यांच्या शिवारांत जेथे एके काळी भाताची खाचरे होती, तेथे आज पत्र्याच्या गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबई महापालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल साठविता यावा या हिशेबाने ती प्रथम वाढली, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात उठली, तरी मुंबईची बाजारपेठ, न्हावाशेवा बंदर आणि नाशिककडे जाणारा महामार्ग यांच्या सान्निध्यामुळे ती ओस न पडता उलट अधिकच विस्तारली. घरबसल्या मागविलेला तयार कपडा या गोदामांतून देशाच्या कानाकोपऱ्यांत रवाना होतो, आणि त्यात उत्तर हिंदुस्थानच्या हिवाळ्यासाठी भरलेली फुगीर जाकिटेही असावीत हे ओघानेच आले. खुद्द भिवंडीतील यंत्रमाग सुती व कृत्रिम धाग्याचे कोरे कापड विणतात. शेजारच्या ठाण्यात तर १९२५ साली लोकरीची गिरणी उभी राहिली. १९४४ साली ती सिंघानिया घराण्याकडे आली, आणि रेमंड या नावाने लोकरी सुटाच्या कापडात तिने असा लौकिक मिळविला की लग्नाच्या याद्यांतही तिचे नाव येऊ लागले. ज्या जिल्ह्यात लोकर अंगावर घालण्याचा योग वर्षातून पंधरवडाभरही येत नाही, तेथेच देशातील सर्वांत नामांकित लोकरी कापड विणले गेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: कापड उत्तम विणता येणे आणि थंडीत ते कसे वापरावे हे ठाऊक असणे, या दोन भिन्न विद्या आहेत.

ही दुसरी विद्या नसल्याची किंमत मराठी माणसाने फार पूर्वी मोजली आहे. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पोर्तुगीजांच्या जुलमाविरुद्ध पेशव्यांकडे खटपट केली, त्यातून साष्टी-वसईची मोहीम उभी राहिली आणि १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला चिमाजीअप्पांच्या हाती आला, हा इतिहास या गावाला अभिमानास्पद आहे. ती मोहीम कोकणातील होती. तेथे अंगात बंडी वा बाराबंदी आणि खांद्यावर घोंगडी एवढ्यावर शिपायाचे निभावत असे. त्यानंतर अवघ्या बावीस वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, मराठी फौज पानिपतावर उभी होती, तेव्हा उत्तरेतील हिवाळा ऐन भरात होता आणि रसद तुटलेल्या लष्करावर उपासमारीबरोबर थंडीचाही मारा होत होता. पराभवाची कारणे अनेक आहेत, त्यांत अन्नाचा दुष्काळ हे मोठे आहे, आणि केवळ वस्त्रांच्या अभावाने लढाई गेली असे म्हणणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. परंतु अफगाण मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेले पोस्तीन आणि दक्षिणेतून आलेल्या माणसाचा सुती अंगरखा या दोहोंमधील अंतर मात्र विचार करण्याजोगे आहे. पोस्तीन म्हणजे मेंढीच्या कातड्याचा डगला. त्यात लोकर आतल्या बाजूस आणि कमावलेले कातडे बाहेरच्या बाजूस असते. लोकर शरीरालगत हवा धरून ठेवते आणि कातडे वारा अडविते. आजच्या महागड्यातील महाग कोटाचे मूलतत्त्वही याहून निराळे नाही.

ते तत्त्व नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण कोट उष्णता निर्माण करीत नाही. उष्णता निर्माण करते ते आपले शरीर, आणि कोटाचे काम ती बाहेर जाऊ न देणे एवढेच आहे. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे, पाणी तिच्याहून सुमारे पंचवीसपट जलद उष्णता वाहून नेते, आणि वाहता वारा शरीरालगत तापलेली हवा क्षणोक्षणी उडवून लावतो. यावरून कोटाला तीन शत्रू आहेत हे ध्यानात येईल: वारा, बाहेरचे पाणी आणि आतला घाम. हवामान खात्याने पारा उणे पाच अंश असल्याचे जाहीर केले आणि त्याच वेळी ताशी तीस किलोमीटर वेगाने वारा वाहत असला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे तेरा अंशांची भासते. म्हणून सरोवरकाठच्या शिकागोत राहणाऱ्याने पाऱ्याच्या आकड्यावर विसंबून कोट निवडू नये. घामाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. जाड कोट घालून धावतपळत गाडी गाठणारा आणि मग तापविलेल्या डब्यात कोट न काढता बसणारा मनुष्य आतून भिजतो, आणि बाहेर पडताच तोच ओलावा त्याच्या अंगातील उष्णता शोषू लागतो. आपल्याकडून नव्याने गेलेली मंडळी पहिल्या हिवाळ्यात कोट घेतात तो फार पातळ असतो असे नव्हे. पुष्कळदा तो फार जाड असतो, आणि त्याच्या आत मात्र नुसता सुती सदरा असतो. एक जाड थर घालण्यापेक्षा अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारे अंतर्वस्त्र, त्यावर स्वेटर आणि त्यावर वारा अडविणारा मध्यम जाडीचा कोट अशी तीन थरांची तजवीज केव्हाही श्रेयस्कर, कारण तिच्यातील एक थर हवा तेव्हा काढता येतो.

या तिन्ही शत्रूंचा विचार केला असता लोकरीला दुसरी जोड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. लोकरीचा तंतू सरळ नसतो, नैसर्गिकरीत्या कुरळा असतो, त्यामुळे दोन तंतूंमध्ये हवेच्या असंख्य पोकळ्या राहतात. शिवाय आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प तो पोटात घेऊ शकतो आणि तरीही हाताला ओला लागत नाही. महाराष्ट्राला हे ज्ञान आहेच. दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीची घोंगडी धनगर आणि सणगर समाजाने शतकानुशतके विणली, तिला चिंचोक्याची खळ देऊन ताठपणा आणला, आणि देशावरचा शेतकरी तिची खोळ करून भर पावसात उभा राहिला. कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीच्या घोंगडीचा आजही नावलौकिक आहे. दख्खनी लोकर भरड असल्यामुळे तिचा शिवलेला कोट मात्र गळ्याला व मनगटाला टोचतो. कोटासाठी बारीक तंतूची लोकर लागते. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर मेरिनो मेंढीची चांगली लोकर वीस मायक्रॉनच्या आतबाहेर असते आणि लडाखच्या चांगथांग पठारावरील शेळीची पश्मिना बारा ते सोळा मायक्रॉनची. पश्मिन्याची शाल जितकी मनोहर तितकाच तिचा कोट नाजूक, आणि रोजच्या बसप्रवासात पिशवीचा पट्टा जेथे घासतो तेथे तो लवकर झिजतो. म्हणून ज्याला एकच कोट परवडतो त्याने मेरिनोचा, घट्ट मळलेल्या विणीचा कोट घ्यावा. लोकरीचे कापड विणल्यावर ते ओले करून, मळून, दाबून इतके आटवितात की ताणाबाणा दिसेनासा होतो आणि वाऱ्याला शिरायला फट उरत नाही. मेल्टन नावाचे कापड याच रीतीने सिद्ध होते. सुटाचे कापड मीटरमागे अडीचशे-तीनशे ग्रॅमचे असते, तर हिवाळी ओव्हरकोटाचे पाचशे ते सातशे ग्रॅमचे. हाताने तोलून पाहिले तरी हा फरक कळतो.

पिसांची जाकिटे हा दुसरा पर्याय. बदक वा हंसाच्या पोटाखालची मऊ पिसे भरून, ती एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून गोधडीला घालतात तसे टाके घालून केलेले हे जाकीट हलके असते, घडी करून छोट्या पिशवीत मावते, आणि कोरड्या कडाक्याच्या थंडीत त्याच्याइतकी ऊब वजनाच्या मानाने दुसरे कोणतेही वस्त्र देत नाही. १९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी फुग्याच्या कापडात पिसे भरून शिवलेला कोट नेला होता. आज रस्तोरस्ती दिसणाऱ्या फुगीर जाकिटांचा तो पूर्वज म्हणता येईल. पिसांच्या दर्जाचा आकडा लेबलावर छापलेला असतो: एक औंस पिसे फुलून किती घनइंच जागा व्यापतात याचे ते माप, आणि सहाशेच्या वरचा आकडा चांगला, आठशेचा उत्तम. मात्र पिसे भिजली की चिकटतात, त्यांतील हवा निघून जाते, आणि जाकीट निरुपयोगी होते. म्हणूनच लेह किंवा मिनिआपोलिस येथील कोरड्या थंडीला जे शोभते ते लंडनच्या झिमझिम पावसाला शोभत नाही. लंडनला लोकरीचा कोट आणि छत्री, किंवा आत काढता-घालता येणारे लोकरी अस्तर असलेला गॅबर्डिनचा ट्रेंचकोट हाच योग्य. १८७९ साली थॉमस बर्बेरी यांनी काढलेले हे कापड पाणी परतवून लावते. पण अस्तराविना ते थंडी अडविणारे नव्हे, आणि केवळ चित्रपटात पाहून ट्रेंचकोट घेणाऱ्याची जानेवारीत फसगत होते. गोदामात दाबून बांधलेले फुगीर जाकीट पार्सलातून निघाल्याबरोबर निर्जीव दिसते. ते झटकून दिवसभर टांगून ठेवावे आणि मगच त्याची परीक्षा करावी.

आता स्त्रियांच्या कोटाकडे वळू, आणि येथे अंजूरपासून उल्हास नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कल्याणची आठवण होणे अपरिहार्य आहे. कल्याणच्या जोशांच्या घरातील यमुना, विवाहानंतरच्या आनंदीबाई जोशी, वैद्यकीच्या शिक्षणासाठी १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या, आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरून त्यांना आश्रय देणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या रोझेल येथील घरी राहिल्या, तेव्हा त्यांचे वय अठरा होते. प्रयाणापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते, आणि त्या प्रतिज्ञेत पोशाखाचाही अंतर्भाव होता. परंतु त्या जेथे शिकल्या त्या फिलाडेल्फियाचा जानेवारी म्हणजे शून्याच्या आसपास खेळणारा पारा. आणि नऊवारी लुगडे नेसण्याच्या महाराष्ट्रीय पद्धतीत कंबर व पोटऱ्या उघड्या राहतात. या पेचातून आनंदीबाईंनी काढलेला मार्ग त्यांच्या बुद्धीची साक्ष देणारा आहे: पाश्चात्त्य झगा न स्वीकारता त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसण्यास आरंभ केला, त्यामुळे घोटे झाकले गेले, कंबर झाकली गेली, आणि आत परकर घालण्याची सोय झाली. प्रतिज्ञा राखली गेली आणि थंडीचाही मान ठेवला गेला. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, पुण्यात क्षयरोगाने निवर्तल्या. परदेशच्या थंडीने त्यांचा बळी घेतला असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. ते शास्त्राला धरून नाही, कारण क्षयरोग जंतूमुळे होतो हे त्यांच्या प्रयाणापूर्वी वर्षभर आधीच, १८८२ च्या मार्चमध्ये, रॉबर्ट कॉख यांनी दाखवून दिले होते. अपुरे पोषण, धूर कोंडणारी खोली आणि अखंड गारठा यांनी देह खंगतो, आणि खंगलेल्या देहात जंतूंचे फावते, एवढे मात्र खरे.

आनंदीबाईंपुढचा पेच आजही संपलेला नाही, फक्त तो रोजचा न राहता सणावारी उभा राहतो. उत्तर अमेरिकेतील किंवा इंग्लंडातील महाराष्ट्र मंडळांची संक्रांत ऐन जानेवारीत येते, हळदीकुंकवाला काळी चंद्रकळा किंवा जरीची पैठणी नेसून निघालेली सुवासीण बर्फातून मोटारीपर्यंत चालत जाते, आणि नेमक्या त्याच दिवशी तिच्याकडचा रोजचा कोट कामाला येत नाही. कंबरेपर्यंतचे जाकीट साडीवर घातले म्हणजे खाली निऱ्यांचा घोळ फुगून राहतो आणि वरचा भाग आखूड दिसतो. शिवाय मांड्या व गुडघे थंडीत राहतात. साडीवरचा कोट गुडघ्याच्या खाली, निम्म्या पोटरीपर्यंत लांब असावा, कंबरेशी बेताचा आत गेलेला आणि खाली घेर सुटलेला असावा, म्हणजे निऱ्यांना जागा मिळते आणि चालताना पाऊल अडत नाही. अस्तर गुळगुळीत साटिनचे असावे. खरखरीत किंवा लवदार अस्तराला जरीचा काठ घासतो आणि पदरावरचे मोर विस्कटतात. बंदांऐवजी चिकटपट्टी असलेला कोट पैठणीवर कधीही घालू नये, कारण तिचे दात रेशमाचा धागा ओढून काढतात. खांदा फार घट्ट नसावा, पदराच्या घड्या त्याखाली बसल्या पाहिजेत. पदर कोटाच्या आत, पाठीवर सरळ सोडावा, हातावर गोळा करून धरू नये. आत लोकरी परकर किंवा पातळ थर्मल घालावे, चपलेऐवजी बुटात जावे आणि चपला पिशवीत न्याव्यात. यजमानीणबाईंच्या घरी कोट टांगण्याची जागा दाराशीच असते, तेव्हा हा सारा जामानिमा दोन मिनिटांत उतरतो आणि साडी जशीच्या तशी राहते. सलवार-कुडत्यावरील कोटाचा नियम याहून सोपा आहे: कोट कुडत्याहून वीतभर तरी आखूड असावा किंवा चार बोटे लांब असावा, कुडत्याची कड कोटाखाली दोन बोटे डोकावत राहिली की सगळ्या पोशाखाचे सौष्ठव जाते.

पुरुषांच्या कोटात लांबीपेक्षा खांद्याचे महत्त्व अधिक आहे, आणि याबाबतीत कोणताही कसबी शिंपी दुमत दर्शविणार नाही. कोटाच्या खांद्याची शिवण जेथे आपला खांदा संपतो तेथेच उतरली पाहिजे. ती बाहेर लोंबली तर कोट उसना वाटतो, आणि आत ओढली गेली तर मुंढ्यापाशी वळ्या पडतात व हात वर करताना सबंध कोट उचलला जातो. गळ्यामागे कॉलर सदऱ्याच्या कॉलरला टेकून बसावी, मध्ये फट राहू नये. ओव्हरकोट नेहमी आत सूट किंवा जाड स्वेटर घालूनच अजमावावा, बटणे लावून दोन्ही हात पुढे घ्यावेत, जणू सायकलची दांडी धरली आहे, आणि पाठीवर ताण पडतो का ते पाहावे. बाही मनगटाचे हाड झाकून अंगठ्याच्या मुळाशी थांबावी, म्हणजे आतली सदऱ्याची बाही दिसत नाही आणि हातमोज्याशी तिचा मेळ बसतो. उंची गुडघ्याच्या जरा वर चांगली. आपल्या लोकांची सर्वसाधारण उंची लक्षात घेता घोट्यापर्यंतचा कोट शरीर खुजे दाखवितो. दुहेरी बटणांच्या ओळीचा कोट छातीवर दोन पदर आणतो, म्हणून वाऱ्यात तो अधिक ऊब देतो, पण पोट सुटलेल्या माणसाने एकेरीच घ्यावा. पुरुषांच्या कोटात डावा पल्ला उजव्यावर येतो आणि स्त्रियांच्या कोटात उजवा डाव्यावर. अलीकडे दोघांसाठी मिळून निघणाऱ्या कोटांत ही बाब सोडून दिलेली आढळते, त्याची फिकीर करण्याचे कारण नाही. मापांच्या आकड्यांची मात्र फिकीर करावी लागते: छाती ४० इंच असलेल्या पुरुषाच्या कोटावर युरोपात ५० हा आकडा असतो, आणि इंग्लंडात बारा नंबर घेणाऱ्या स्त्रीला अमेरिकेत आठ नंबर मागावा लागतो.

कापड ओळखण्याच्या काही जुन्या रीती आहेत, त्या लेबल वाचता येऊ लागले तरी सोडू नयेत. कोटाचा पदर मुठीत घट्ट दाबून सोडावा. चांगली लोकर क्षणभरात सुरकुती झटकून पूर्ववत होते, मिसळीचे कापड मुठीची खूण धरून ठेवते. बाहीच्या कडेवर बोटाने जोराने घासून पाहावे. धागे आखूड असतील तर लगेच गोळे येऊ लागतात, आणि जुन्या लोकरीचे तुकडे पिंजून पुन्हा विणलेल्या स्वस्त कापडात हा दोष हमखास असतो. शिवणीतून एखादा सुटा धागा मिळाला तर तो काडीने जाळावा: लोकर केस जळाल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांनी चुरडते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. लेबलावर लोकर सत्तर-ऐंशी टक्के आणि उरलेले नायलॉन असले तर ते दोषास्पद नाही, नायलॉनने टिकाऊपणा येतो. परंतु लोकर तीस टक्के आणि बाकी सारे ॲक्रिलिक असेल तर किंमत कितीही उतरलेली असो, तो कोट दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत भरवशाचा राहणार नाही. रंगाबाबत एवढेच सांगतो की पहिला कोट गडद निळा किंवा राखी घ्यावा. काळा सर्वांना हवासा वाटतो, पण त्यावर बर्फाच्या मिठाचे डाग आणि धुळीचा प्रत्येक कण दिसतो. आपल्या गव्हाळ वर्णाला गडद निळा, मातकट तपकिरी, आणि स्त्रियांना तर डाळिंबी किंवा बाटलीचा हिरवा रंग अतिशय खुलून दिसतो, आणि सहा महिने मेघाच्छादित असलेल्या देशात असा रंग पाहणाऱ्यालाही आनंद देतो.

कोट येथून न्यावा की तेथे घ्यावा, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. उन्हाळ्याअखेर जाणाऱ्याने तेथेच घ्यावा, कारण तेथील दुकानदाराला आपल्या गावच्या थंडीचे मर्म ठाऊक असते, आणि थंडी सरल्यावर किमतीही उतरतात. डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्याने मात्र येथून साधा पण खरा उबदार कोट अंगावर घालूनच विमानात चढावे. नोव्हेंबरपासून आपल्या शहरांतून तिबेटी बांधवांचे गरम कपड्यांचे बाजार भरतात. तेथे मिळणारी स्वेटरे, हातमोजे आणि टोप्या आतल्या थरांसाठी पुरेशा असतात, एवढा खर्च तरी परदेशात करू नये.

परत आल्यावर कोटाची खरी परीक्षा कोकणाच्या हवेत होते. बर्फापेक्षा आमचा पावसाळा लोकरीला अधिक घातक आहे. कसर ही कीड घामाचे, तेलाचे आणि अन्नाचे डाग असलेल्या लोकरीवर आधी तुटून पडते, म्हणून कोट धुलाईकडून स्वच्छ करून घेतल्याशिवाय पेटीत ठेवू नये. मग सुती कापडात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या कापडाला न लागतील अशा रीतीने ठेवून, दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत तो बाहेर काढून सावलीत वारा द्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलेल्या कोटावर आषाढात बुरशी धरते. चामड्यासारखी दिसणारी पॉलियुरेथेनच्या लेपाची जाकिटे तर आर्द्र हवेत न वापरताच खराब होतात: बाष्पामुळे त्या लेपाचे रासायनिक विघटन होते, आणि तीन-चार वर्षांनी कपाट उघडावे तो जाकिटाचे पापुद्रे खाली पडलेले असतात. पिसांचे जाकीट दाबून न ठेवता सैल टांगावे.

घरातील एक मुलगा परत आला की त्याचा कोट पुढच्या वर्षी जाणाऱ्या भाचीला वा पुतण्याला दिला जातो, आणि ही रीत मला अत्यंत योग्य वाटते. बाही आखूड करता येते, खालची पट्टी उलगडून उंची थोडी वाढविता येते, बटणे सरकवून छाती सैल करता येते, फाटलेले अस्तर सगळे काढून नवे घालता येते; केवळ खांदा बदलता येत नाही, कारण त्यासाठी कॉलर, बाह्या आणि आतला कॅनव्हास सारेच उसवावे लागते व त्याची मजुरी नव्या कोटाइतकी होते. म्हणून दुसऱ्याचा कोट घेणाऱ्याने प्रथम खांदा पाहावा, आणि तो जुळत असेल तर अस्तर गेले आहे किंवा काजांचे दोरे सुटले आहेत एवढ्यावरून तो नाकारू नये. अस्तर बदलून देणारे कारागीर भिवंडीत आणि ठाण्यात अजून मिळतात, आणि वीस वर्षांपूर्वीचे घट्ट मळलेले लोकरी कापड आज त्याच किमतीत मिळणाऱ्या नव्या कोटाच्या कापडाहून बहुधा सरसच असते.